निवडणुकीला उभे राहण्याआधी खात्यांचा ताबा कुणाकडे आहे ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एक ताई स्वयंसहाय्य गटाच्या कामातून पुढे आल्या आहेत आणि २०२७ च्या विधानसभेला पहिल्यांदाच उभ्या राहणार आहेत. त्यांचे फेसबुक पेज भाचा चालवतो, व्हॉट्सअ‍ॅपचे गट कार्यकर्त्यांनी आपापले काढले आहेत, आणि एका एजन्सीने ‘सायबर सुरक्षा पॅकेज’ म्हणून साठ हजारांचे कोटेशन दिले आहे. ते घ्यावे का, आणि मुळात माझ्यासारखीला कोण कशाला हॅक करील, असे त्या विचारतात.

ताई, पॅकेज घेऊ नका. कोटेशनमध्ये तीन लॅपटॉपांचे अँटिव्हायरस, ‘डार्क वेब मॉनिटरिंग’ आणि महिन्याला एक अहवाल एवढेच आहे. तुमचा प्रचार मोबाईलवर चालणार, तोही दहा-पंधरा वेगवेगळ्या माणसांच्या मोबाईलवर. त्यातल्या एकाही फोनला या पॅकेजचा उपयोग नाही. ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो त्या जवळपास फुकट आहेत. त्यांना लागतो तो तुमचा एक रविवार आणि घरातल्या माणसांशी थोडे अवघड बोलण्याची तयारी.

कोण हॅक करील, हे प्रत्येक नवा उमेदवार विचारतो. २०२२ चे निकाल आठवा. सांत आंद्रेत फरक ७६ मतांचा होता, फोंड्यात ७७ चा. साखळीत मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले, पणजीचा निकाल ७१६ मतांवर ठरला. आपल्याकडे एका मतदारसंघात सरासरी २९-३० हजार मतदार; मुंबईत नगरसेवकाच्या एका प्रभागात याहून जास्त असतात. एवढ्या लहान ठिकाणी शंभरेक घरांचे मन एका संध्याकाळी फिरले तरी निकाल बदलतो. तुमच्या नंबरवरून एक ऑडिओ गेला, तुमच्या पेजवर देवस्थानाबद्दल एक वेडीवाकडी ओळ पडली, म्हादईबद्दल किंवा जमीन रूपांतराबद्दल तुम्ही कधी न उच्चारलेले वाक्य तुमच्याच आवाजात लोकांनी ऐकले, तर पुढचे दोन दिवस तुम्ही खुलासे करण्यातच घालवाल.

आणि हे करणारा बहुधा ओळखीतलाच असतो. आपल्या गावांत विरोधकाचा पोलिंग एजंट हा आपल्याच उमेदवाराचा मावसभाऊ असतो, कालचा कार्यकर्ता आज दुसऱ्या गाडीत बसलेला दिसतो. त्यामुळे बाहेरून कोण शिरेल याची चिंता करण्याआधी आत आधीच कोण कोण आहे, ते मी पाहायला सांगतो.

पहिली गोष्ट अर्ज भरण्याआधीची, कारण अर्ज भरल्यावर ती सुधारता येत नाही. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराचा फोन नंबर, ईमेल आणि समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात. हे प्रतिज्ञापत्र सूचना फलकावर लागते, आयोगाच्या संकेतस्थळावर चढते आणि कुणालाही उतरवून घेता येते. तुमची मालमत्ता, कर्जे, नवऱ्याचे उत्पन्न हे सगळे त्यात असते, त्यामुळे ठगाला तुमच्याशी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून बोलायला लागणारी सगळी माहिती एकाच कागदावर मिळते. म्हणून आत्ताच तुमच्या स्वतःच्या नावावर एक नवे सिम घ्या आणि एक नवा ईमेल उघडा. पत्रकांवर, बॅनरवर, प्रतिज्ञापत्रात तेच द्या. तुमचा जुना नंबर, ज्याला बँक, आधार, गॅस सगळे जोडलेले आहे, तो प्रचारात कुणालाही देऊ नका. निवडणूक खर्चासाठी अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडावेच लागते. त्या खात्याचे ओटीपी मात्र जुन्या खासगी नंबरवर येऊ द्या. कार्यकर्ता ‘सिम माझ्या नावावर घेतो, तुम्ही कशाला धावपळ करता’ म्हणेल. प्रेमाने म्हणेल, तरी नको. ज्याच्या नावावर सिम, तो दुकानात जाऊन डुप्लिकेट काढू शकतो.

याच टप्प्यावर एक साधी गळती होते ती झेरॉक्सच्या दुकानात. अर्जाच्या गडबडीत आधार, पॅन, पासबुक, जमिनीचा एक-चौदाचा उतारा हे सगळे दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जाते आणि त्याच्या संगणकाच्या डेस्कटॉपवर पडून राहते. दुकानदार सज्जन असतो, पण त्या संगणकावर दिवसभरात सगळे गाव बसते. घरी प्रिंटर असेल तर घरीच छापा. नसेल तर पेन ड्राइव्ह न्या, समोर उभे राहून छापून घ्या आणि फाईल डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

आता पेज. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्या उमेदवारांचे सर्वांत जास्त नुकसान मी इथे पाहिले आहे. भाच्याला शेजारी बसवा, त्याच्या फोनवर तुमचे पेज उघडा आणि सेटिंग्जमध्ये ‘पेज अ‍ॅक्सेस’ असे लिहिलेले असते तिथे जा. कुणाकुणाची नावे आहेत आणि त्यातल्या किती जणांपुढे पूर्ण नियंत्रण आहे, ते वाचा. तुमचे स्वतःचे नाव बहुधा नसेल. भाच्याचे असेल, भाच्याच्या त्या मित्राचे असेल ज्याने चतुर्थीच्या शुभेच्छांचे पोस्टर केले होते, आणि कदाचित एका एजन्सीचे व्यावसायिक खाते असेल. ज्याच्याकडे पूर्ण नियंत्रण आहे तो दुसऱ्या पूर्ण नियंत्रणवाल्याला काढून टाकू शकतो. म्हणजे या यादीतल्या कुणा एकाचा पासवर्ड गेला किंवा मन फिरले, की अर्ध्या मिनिटात पेज त्याचे.

एका जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत असेच झाले होते. पेज एजन्सीने स्वतःच्या व्यावसायिक खात्याखाली काढले होते, बिलावरून वाद झाला, आणि ऐन प्रचारात पेज दिसायचे बंद झाले. हॅकिंग नव्हते, पोलिसांत सांगण्यासारखा गुन्हाही सरळ दिसत नव्हता, कारण पेज कागदोपत्री एजन्सीचेच होते. उमेदवाराला ते परत मिळाले तेव्हा मतदान होऊन गेले होते.

म्हणून पूर्ण नियंत्रण दोघांकडेच ठेवा: एक तुम्ही आणि दुसरे घरातले असे माणूस ज्याच्याशी तुमचे भांडण झाले तरी जेवण एकाच ताटलीत होते. पोस्ट टाकणाऱ्या मुलांना फक्त पोस्ट टाकण्यापुरता अधिकार द्या. एजन्सी हवीच असेल तर पेज तुमच्या खात्याखाली असू द्या आणि तिला त्यात भागीदार म्हणून घ्या, उलटे नको. जाहिरातीचे खातेसुद्धा तुमचेच हवे. राजकीय जाहिरात देणाऱ्याला मेटाकडे, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीकडे, आपली ओळख सिद्ध करावी लागते आणि जाहिरातीवर पैसे कुणी दिले ते छापून येते. शिवाय ती जाहिरात आधी निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख आहे. तुमचे जाहिरात खाते कुणी बळकावून त्यावरून भलत्याच जाहिराती सोडल्या, तर खर्च निरीक्षकापुढे तो खर्च आपला नाही हे सिद्ध करण्याची धावपळ तुम्हालाच करावी लागेल.

पेज चालवणाऱ्या मुलांना एक संदेश हमखास येतो: ‘तुमच्या पेजने कॉपीराइटचे उल्लंघन केले आहे, २४ तासांत पेज बंद होईल, अपील करण्यासाठी इथे क्लिक करा.’ पाठवणाऱ्याचे नाव ‘मेटा सपोर्ट’सारखे काहीतरी असते आणि निळा लोगोही असतो. दुवा उघडला की फेसबुकसारखेच पान, तिथे पासवर्ड आणि कोड टाकला की खेळ संपला. मुलांना एवढेच शिकवा की पेजबद्दलची खरी सूचना पेजच्या आतच दिसते, इनबॉक्समध्ये कुणा अनोळखी माणसाकडून येत नाही.

हीच युक्ती जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणात वापरली गेली. १९ मार्च २०१६ ला हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना, जॉन पोडेस्टा यांना, गूगलच्या नावाने मेल आला: कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरला आहे, लगेच बदला. त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मेल तांत्रिक मदतनीसाकडे पाठवला, म्हणजे नियम पाळला. मदतनीसाने उत्तरात गूगलचा खरा पत्ताही दिला होता, पण घाईत लिहिताना मेल ‘बनावट’ऐवजी ‘खरा’ असल्याचे लिहून गेला. क्लिक मूळ मेलमधल्याच दुव्यावर झाले. ऑक्टोबरपासून, मतदानाला महिना उरला असताना, त्यांचे हजारो मेल विकिलीक्सवर येत राहिले, आणि प्रचाराला रोज सकाळी त्यावर उत्तरे द्यावी लागली. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. हे प्रकरण मी उमेदवारांना सांगतो ते रशियासाठी नाही. एवढी मोठी यंत्रणा, विचारणाही झाली, तरी फटका बसला, कारण पासवर्ड एकदा गेला की त्या खात्याला दुसरे कुलूपच नव्हते.

तेव्हा दुसरे कुलूप लावा. तुमचे, भाच्याचे, हिशेब पाहणाऱ्याचे आणि निवडणूक प्रतिनिधीचे गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, सगळीकडे दुहेरी पडताळणी चालू करा. कोड एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या, आणि जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोनच्या पिनने किंवा बोटाच्या ठशाने खाते उघडण्याची) सोय आहे तिथे पासकी करा, कारण नकली पानावर पासकी चालतच नाही. गूगलचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ नावाचा कार्यक्रम उमेदवार, पत्रकार अशा लोकांसाठीच आहे आणि तो मोफत आहे. प्रचाराच्या ईमेलला तो लावा. पासवर्ड प्रत्येक खात्याला वेगळा हवा. पासवर्ड मॅनेजर जमत असेल तर उत्तम. नसेल जमत तर वहीत लिहा आणि वही कपाटात कुलपात ठेवा. कागदावर पासवर्ड लिहिणाऱ्याला नावे ठेवायची पद्धत आहे, पण सगळीकडे मुलीचे नाव आणि १२३ ठेवणाऱ्यापेक्षा वहीवाली बाई कितीतरी सुरक्षित असते.

व्हॉट्सअ‍ॅपचे थोडक्यात सांगतो. सेटिंग्जमध्ये खात्याच्या भागात टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि त्याला ईमेल जोडा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून कुठल्या संगणकावर तुमचे व्हॉट्सअ‍ॅप चालू आहे ते दर आठवड्याला बघा. प्रचार कार्यालयातल्या लॅपटॉपवर कुणीतरी ‘दोन मिनिटांसाठी’ जोडलेले असते आणि ते महिनोन्‌महिने तसेच राहते. एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड कुणी मागितला, अगदी सख्ख्या भावाच्या नंबरवरून मागितला, तरी द्यायचा नाही, कारण त्या भावाचा नंबर आधी गेलेला असतो. मोठ्या गटांत फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असे ठेवा. कुणाला पैसे देणे, कोणत्या वाड्यावर कमी पडतोय, असल्या गोष्टी गटात लिहूच नका. पन्नास जणांच्या गटातली गोष्ट गुप्त राहत नाही. त्यासाठी हॅकर लागत नाही, एक स्क्रीनशॉट पुरतो.

आणि फाईली. गेल्या काही वर्षांत लग्नपत्रिका किंवा वाहतूक खात्याचे चलन म्हणून जी फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि उघडल्यावर अ‍ॅप बसवायला सांगते, ती तुमच्यापर्यंत मतदार यादी किंवा ‘उमेदवारांची अंतिम यादी’ या नावाने येईल. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अ‍ॅप आहे, कागद नाही. आयोगाची मतदार यादी पीडीएफमध्ये मिळते. ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग तुमचे ओटीपी तिसऱ्याच माणसाला दिसायला लागतात. कुणी चुकून बसवलेच तर फोनचे इंटरनेट ताबडतोब बंद करायचे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवायचे, आणि मगच फोन पूर्ण पुसून नव्याने चालू करायचा. ओरडू नका त्या पोरावर. ओरडलात तर पुढचा पोरगा लपवील, आणि लपवलेले दोन तास फार महाग पडतात.

पैशांच्या बाबतीत नवा उमेदवार हे ठगांचे आवडते गिऱ्हाईक. ‘दिल्लीहून बोलतोय, साहेबांनी तुमचे नाव पक्के केले आहे, सर्वेक्षणाचे एवढे भरा’ असा फोन येतो. पार्श्वभूमीला कार्यालयाचा गलबला असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर नेत्याचा फोटो असतो. आवाजही आता हुबेहूब करता येतो. तिकिटासाठी जीव टांगणीला लागलेला असताना माणूस विचारणा करायला कचरतो, विचारले तर साहेब नाराज होतील म्हणून. तिथेच तो अडकतो. तुम्ही, नवरा, हिशेबनीस आणि निवडणूक प्रतिनिधी मिळून एक शब्द ठरवून ठेवा, कुठेही न लिहिता. फोनवर पैशांची मागणी आली की तो शब्द विचारायचा, नाही तर फोन ठेवून आपल्याकडे असलेल्या नंबरवर उलट फोन करायचा. तसेच देणगीचा क्यूआर कोड कुणीही आपल्या मनाने पोस्टरवर टाकू नये. क्यूआर छापायचा तर तो निवडणूक खात्याचाच हवा, आणि छापखान्यातून आलेल्या पहिल्या पोस्टरवर एक रुपया पाठवून तो कुठे जातो ते बघा.

मतदारांच्या माहितीबद्दल फार कमी उमेदवार विचार करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमचे कार्यकर्ते घराघरांत फिरून यादीपुढे नंबर, कोण बोटीवर आहे, कोण गल्फात, कोणाचा पासपोर्ट पोर्तुगालचा झाला, असे भरतात आणि ती एक्सेल गूगल शीटवर चढते. शेवटच्या रकान्यात ‘शेरा’ असतो. त्या शेऱ्यात मी ‘आपला नाही’, ‘दारू लागते’, ‘सुनेचे ऐकतो’, ‘जमिनीची केस, मदत हवी’ अशी वाक्ये वाचली आहेत. ती शीट ‘दुवा असलेल्या कुणालाही दिसेल’ अशी ठेवलेली असते, आणि तो दुवा गटात पडलेला असतो. ज्या घराबद्दल ते लिहिले आहे त्या घरापर्यंत तो शेरा पोचला तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. लोकांची अशी माहिती गोळा करून उघड्यावर टाकणे हा विश्वासघात आहे, मग कायदा काहीही म्हणो. तोही आता आहेच: वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. शेऱ्याचा रकाना काढून टाका. रंगाच्या तीन खुणा पुरतात. शीट नावानिशी माणसांनाच उघडी करा, आणि प्रत्येक बूथवाल्याला फक्त त्याच्या बूथचे पान द्या.

बाई म्हणून तुम्हाला एक वेगळा त्रास होऊ शकतो, तो आधीच बोलून ठेवलेला बरा. फोटो जोडून केलेली घाणेरडी चित्रे, आता एआयने केलेले व्हिडिओ, हे पुरुष उमेदवाराच्या वाट्याला क्वचित येते. तुमचे वैयक्तिक फेसबुक प्रोफाईल आजच लॉक करा, आणि प्रचारासाठी पेजच वापरा. मुलांच्या शाळेचा गणवेश, घराचे दार, गाडीचा नंबर दिसणारे जुने फोटो काढून टाका. नणंद-जावांच्या खात्यांवरचेही काढायला सांगा, कारण फोटो तिथूनच उचलले जातात. घरात आताच सांगून ठेवा की असे काही आले तर पहिल्यांदा तुम्हाला दाखवायचे, लाजून डिलीट करायचे नाही. तक्रार तुम्ही स्वतःच्या नावाने करा: स्वतःच्या बनावट किंवा अश्लील चित्राबद्दल त्या व्यक्तीनेच तक्रार केली तर ते झटपट काढण्याचे वेगळे बंधन माहिती तंत्रज्ञान नियमांनी मंचांवर घातले आहे. ‘स्टॉपएनसीआयआय’ नावाची मोफत सेवाही आहे; ती चित्र तुमच्या फोनबाहेर न नेता त्याचा ठसा घेते आणि सहभागी मंचांवर ते चढू नये म्हणून अडवायला मदत करते. यात तुमची काहीही चूक नसते. घाणेरड्या चित्रामुळे माघार घेतलेली बाई मी पाहिली आहे आणि ते मला आजही पटत नाही. तिच्या बाजूने बोलायला त्या संध्याकाळी चार माणसे तयार असती तर ती लढली असती. ती चार माणसे आत्ताच ठरवा.

आता शेवटचे ४८ तास. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद होतो. खोटे पसरवणाऱ्याला हीच वेळ सोयीची, कारण तुमचे ध्वनिक्षेपक बंद, सभा बंद. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये असेच झाले: मतदानाला दोन दिवस असताना, प्रचारबंदीत, एका पक्षप्रमुखाचा मते विकत घेण्याबद्दल बोलतानाचा बनावट ऑडिओ फिरला. त्यांचा पक्ष दुसरा आला. ऑडिओने किती मते हलली हे सिद्ध होऊ शकलेले नाही, पण खुलाशाला वेळ मिळाला नाही हे खरे.

फ्रान्समध्ये २०१७ ला याच्या उलट घडले. ७ मे च्या मतदानाआधी शुक्रवारी रात्री राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅक्रों यांच्या प्रचाराची चोरलेली कागदपत्रे इंटरनेटवर ओतली गेली. त्यांच्या चमूला हल्ले चालू असल्याची कल्पना आधीच होती, त्यांनी हल्लेखोरांना गोंधळात टाकण्यासाठी खोटी माहितीही पेरली होती. प्रचारबंदी मध्यरात्री लागणार होती. तिच्या काही मिनिटे आधी त्यांचे निवेदन बाहेर पडले: आमची खाती फोडली गेली आहेत, यात खरे कागद आणि बनावट कागद मिसळलेले आहेत. एवढ्या लवकर निवेदन निघाले, कारण असे काही होईल हे धरून ते बसले होते.

तुम्हीही निवेदन आजच लिहून ठेवा. असे:

‘माझ्या आवाजातील म्हणून एक ध्वनिफीत आज फिरते आहे. ती बनावट आहे. मी असे कुठेही बोललेले नाही. सायबर पोलीस आणि निवडणूक अधिकारी यांच्याकडे तक्रार दिली असून पोच सोबत जोडली आहे. कृपया ती पुढे पाठवू नका. ज्यांना ती आली असेल त्यांनी कुणाकडून आली ते या क्रमांकावर कळवावे.’

यात मत मागितलेले नाही, चिन्ह नाही, घोषणा नाही, विरोधकाचे नाव नाही. प्रचारबंदीत असेच हवे, आणि तरीही ते आधी आपल्या वकिलाच्या नजरेखालून घाला. खोटे वाक्य पुन्हा उच्चारू नका, ती क्लिप ‘बघा किती खोटे’ म्हणून स्वतः पुढे पाठवू नका. तुमच्या पेजवरून गेली की ती आणखी पसरते. आणि क्लिप खरी असेल तर तिला बनावट म्हणू नका. तुम्ही ते बोलला असाल तर बोलले म्हणा, कशाच्या संदर्भात ते सांगा. एकदा खऱ्याला खोटे म्हटलेत की पुढच्या खऱ्याखुऱ्या बनावट क्लिपवेळी तुमचे कुणी ऐकणार नाही.

निवेदन कुठून जाणार हेही पहिल्या दिवसापासून ठरलेले हवे. एक पेज आणि एक व्हॉट्सअ‍ॅप चॅनल. पहिल्या पत्रकापासून त्यावर छापा की जे इथे नाही ते माझे नाही. डोंगराळ वाड्यांवर रेंज नसते, तिथे व्हिडिओ पोचत नाही, म्हणून प्रत्येक वाड्यावर दोन माणसे नेमा ज्यांना साधा फोन लावून निवेदन वाचून दाखवता येईल आणि जी ते तोंडाने चार घरांत सांगतील. भजनी मंडळातली, क्रीडा मंडळातली, तुमच्या बचत गटातल्या बायका. या कामात त्यांच्याइतकी वेगवान यंत्रणा मला कुठल्याही कंपनीकडे दिसलेली नाही. स्थानिक मराठी दैनिकांच्या तालुका वार्ताहरांचे नंबरही हाताशी ठेवा, कारण बनावट बातमीचे कार्ड बहुधा ओळखीच्या वर्तमानपत्राचे नाव वापरूनच येते, आणि ‘हे आमचे नाही’ असे त्या वर्तमानपत्राने स्वतः सांगितले की विषय तिथेच थांबतो.

तक्रारीसाठी स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. पोस्टचा पूर्ण दुवा, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर लिहून घ्या. मूळ फाईल ज्या फोनवर आली तो फोन तसाच ठेवा, त्यातले काही पुसू नका, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि ते त्या फोनबद्दल द्यावे लागते. रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. ओळख चोरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६सी लागते, तोतयागिरीने फसवण्यासाठी ६६डी, उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटे विधान पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे. प्रत रिटर्निंग ऑफिसरला आणि माध्यम समितीला. क्लिप विरोधी पक्षाच्या अधिकृत खात्यावर असेल तर त्या पक्षालाही लेखी कळवा. आयोगाने ६ मे २०२४ च्या पत्रात पक्षांना असा बनावट मजकूर लक्षात आल्यापासून ३ तासांत काढायला सांगितले आहे. या सगळ्या पत्त्यांचा आणि ईमेलांचा एक कागद करून निवडणूक प्रतिनिधीच्या खिशात ठेवा. रात्री साडेदहाला ते शोधत बसायची वेळ येऊ देऊ नका.

मतमोजणी झाली की लोक हार-तुरे किंवा झोप, यांतले काहीतरी घेतात आणि खाती तशीच उघडी राहतात. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, त्यासाठी फेसबुक-गूगलच्या जाहिरातींची बिले खात्यातून उतरवून घ्या, एजन्सीला अधिकार असतानाच घ्या. मग एजन्सीचा आणि पोरांचा प्रवेश काढा, पासवर्ड बदला, कार्यालयातल्या लॅपटॉपवरचे व्हॉट्सअ‍ॅप तोडा, बूथवाल्यांकडच्या मतदारांच्या शीट पुसून घ्या. प्रचाराचे सिम मात्र बंद करू नका. प्रतिज्ञापत्रात तो नंबर राहणार आहे, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. वर्षभर तरी त्यावर छोटे रिचार्ज मारत राहा आणि त्याच्याशी जोडलेली पेज, ईमेल, चॅनल ही सगळी खाती रिचार्ज थांबवण्याआधी तुमच्या दुसऱ्या नंबरवर वळवून घ्या.